लिहायला बसलं की लिहिणं सोडून सगळं सुचतं, तुमचंही असंच होतं का?

पेठकरीण

नमस्कार मंडळी. इथे लिहिणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, हसू नका.

मला एक छोटी कादंबरी लिहायचीय. म्हणजे वर्ष होऊन गेलं 'लिहितेय' असंच सगळ्यांना सांगते, ऑफिसात पण माहितीय, डबा खाताना कोणीतरी विचारतंच 'काय मग कुठवर आली' आणि मी 'चाललंय' म्हणते. चाललंय काय, तर पहिलं प्रकरण. तेच ते.

विषय पानशेतचा पूर, धरण फुटून पुण्यात आला तो. १२ जुलै १९६१. आमचा वाडा नारायण पेठेत होता, आजी-आजोबा, दोन काका, माझे बाबा तेव्हा शाळेत, आणि आत्या. वाडा गेला, लोकमान्यनगरला बिऱ्हाड गेलं, पुढचं सगळं त्यातूनच घडलं. घरात लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की मला वाटायचं नुसतं बसायचा अवकाश, झरझर येईल.

तर शनिवारी सकाळी नवरा आणि लेक क्लासला गेले की मी बसते. आधी फॉन्ट. मंगलमध्ये सगळं सरकारी परिपत्रक वाटतं म्हणून मुक्ता लावला, मग कोकिळा लावून बघितला, त्यात अक्षर बारीक दिसतं म्हणून साइझ वाढवला, मग पानं जास्त दिसायला लागली त्यात जरा बरं वाटलं. मग चहा. मग आठवतं की त्या दिवशी सकाळी काकाला वाण्याकडे साखर आणायला पाठवलंय मी पहिल्या पानावर, तर वाणी शेरात देईल की किलोत? बघायला गेले तर कळलं नवे पैसे १९५७ ला आले पण वजनांचं मेट्रिक १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आलं, म्हणजे १९६१ च्या जुलैत नारायण पेठेतला वाणी नक्की काय वापरत असेल, वजन किलोचं आणि बोलणं शेराचं असं असेल का, ह्यात अख्खा शनिवार. दुसऱ्या शनिवारी तो बुधवार होता का ह्याची खात्री केली. (होता.) त्यानंतर पाणी कुठल्या कुठल्या पुलांवरून गेलं त्याचा नकाशा केला, चार रंगांत, सुंदर झालाय, फ्रीजवर लावलाय. मध्ये एकदा अप्पा बळवंतला जाऊन चांगल्या कागदाची वही आणली, कारण कोणत्यातरी मुलाखतीत ऐकलं की पहिला खर्डा हातानेच लिहावा. वही इतकी छान आहे की तिच्यात खाडाखोड करवत नाही.

हा आळस आहे का? कारण आळशी माणूस एवढी कामं करत नाही हो. ह्या वर्षात माझी सगळी कपाटं आवरून झालीत.

तुम्ही काय करता ते सांगा. 'मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा' हे सोडून. ते केलंय. मी पण दुसऱ्या खोलीत जाते.

---

उद्याबघू

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. निवांत वाचून सविस्तर प्रतिसाद देतो.

---

टंगळेराव

ताई एकदम जिव्हाळ्याचा विषय काढलात. आणि निराश होऊ नका, तुमची परंपरा थोर आहे.

व्हिक्टर ह्यूगो घ्या. नोत्र दामची कादंबरी १८२९ ला देतो म्हणून प्रकाशकाला कबूल केली होती, मग नाटकं, कविता, लोकांच्या घरी जेवणं, १८३० उजाडलं तरी पत्ता नाही. प्रकाशक चिडला, मुदत घालून दिली, दंडाची भाषा आली. मग ह्यूगोने शाईची बाटली आणली, एक जाडी लोकरी शाल आणली गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळायला, आणि बाहेरचे सगळे कपडे कुलपात टाकले म्हणजे बाहेर पडायचा मोहच नको. त्याच्या बायकोनेच हे लिहून ठेवलंय. १८३१ च्या जानेवारीत कादंबरी पुरी.

दुसरा दोस्तोयव्हस्की. १८६६, डोक्यावर कर्ज, प्रकाशकाशी करार असा की १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची ९ वर्षं जे लिहील ते सगळं प्रकाशकाला फुकट. हा बाबा ऑक्टोबरपर्यंत हलला नाही. मग एक लघुलेखिका ठेवली, आना नावाची विशीतली मुलगी, हा बोलणार ती उतरवून घेणार, २६ दिवसांत कादंबरी झाली. द्यायला गेले तर प्रकाशक मुद्दाम गायब, मग पोलिसात जमा करून पावती घेतली. आणि पुढच्या वर्षी त्या मुलीशी लग्नही केलं.

तेव्हा उपाय सरळ आहे, कपाटाला कुलूप आणि डोक्यावर कर्ज.

---

पेठकरीण

टंगळेराव, कर्ज आहे, होम लोनचं. त्याने कादंबरी होत नाही, ओव्हरटाइम होतो. आणि वर्क फ्रॉम होममुळे बाहेरचे कपडे तसेही कपाटातच असतात.

---

माजी_उपसंपादक

दोस्तोयव्हस्कीचं उदाहरण प्रत्येक उशीर करणारा लेखक देतो. मला फोनवर कितीतरी जणांनी ऐकवलंय. त्यांना मी सांगायचो की त्याने त्या २६ दिवसांत रोज काम केलं, तेवढा भाग सोडून बाकी सगळं तुम्ही उचललंत.

मी बरीच वर्षं एका दिवाळी अंकाच्या कामात होतो. कुठल्या ते सांगत नाही कारण त्यातले निम्मे लेखक इथे वावरत असतील. १९०९ ला का. र. मित्रांनी मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत संपादक पुढे आणि लेखक मागे असं कधी झालेलं नाही. आमची पत्रं पाडव्यानंतर जायची, मजकुराची तारीख ३१ जुलै. ३१ जुलै म्हणजे गणपती हे आम्हाला माहीत असायचं, गणपती म्हणजे पितृपक्ष हेही. लेखकांनाही माहीत असायचं की आम्हाला माहीत आहे. तारीख ही एक सभ्यतेची बाब होती, तिच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता.

कारणं काय काय ऐकली म्हणता. 'शेवटचा हात फिरवतोय' हे सगळ्यात लोकप्रिय, त्याचा अर्थ पहिला हात अजून लागलेला नाही. 'गावाकडे आलोय, इथे रेंज नाही' हे रेंज असलेल्या फोनवरून. 'कथा लांबतेय, कादंबरिका होईल बहुतेक' असं म्हटलं की समजायचं दोन पानं झालीत. एका ज्येष्ठ बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, 'सुचत नाहीये, माझी वाट बघू नका.' मला त्या अजून आवडतात. कारण बाकीच्यांची जागा आम्ही धरून ठेवायचो, १६ पानांचा फर्मा असतो, बारा पानांची कथा येणार म्हणून पुढची कविता आणि जाहिरात बसवायची, आणि शेवटी आली की ती एकवीस पानांची निघायची किंवा यायचीच नाही. मग डीटीपीवाला रात्री दोनला मला विचारणार 'सर इथे काय टाकू', आणि मुद्रितशोधनाला वेळ उरलेला नसायचा, म्हणून दिवाळी अंकात एवढ्या चुका असतात, त्याचं खापर मात्र आमच्यावर.

आता खरी गंमत सांगतो. २०२३ ला अधिक श्रावण आला. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, त्या वर्षी १२ नोव्हेंबरला गेलं. जवळजवळ तीन आठवडे फुकट मिळाले. आम्ही खुशीत होतो की यंदा सगळं वेळेत. मजकूर कधी आला? छपाईच्या आधी जितके दिवस नेहमी येतो तितकेच दिवस आधी. एक दिवस इकडे नाही तिकडे नाही. तेव्हापासून 'वेळच मिळाला नाही हो' म्हणणाऱ्या लेखकाकडे मी नुसता बघतो.

वेळेवर कोण द्यायचं? सदर लिहिणारे. पेपरात दर आठवड्याला ज्यांचं सदर असतं ती माणसं. ती काही आपल्यापेक्षा हुशार नसतात, पण एखादा आठवडा भिकार जाणार हे त्यांनी मान्य केलेलं असतं, बुधवारी फडतूस छापून आलं तरी पुढच्या बुधवारी परत जागा आहे. कादंबरीवाल्याला वाटतं आपल्याला ही एकच संधी आहे, त्यामुळे तो पहिल्या वाक्यापाशी दबा धरून बसतो.

पेठकरीणबाई, तुम्हाला एक विचारतो, उपसंपादक म्हणून, रागावू नका. पहिलं प्रकरण दर वेळी नेमकं कुठल्या वाक्याशी थांबतं? 'कुठेतरी मध्ये' असं सांगू नका. वाक्य सांगा.

---

अर्धवट_डॉक्टर

पीएचडी करतोय (हैदराबाद), प्रबंधाचं चौथं प्रकरण सोडून इथे आलोय, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन आहे.

टाळाटाळीवर लोकांनी भरपूर अभ्यास केलाय, आणि अर्थातच तो मी सगळा वाचलाय कारण तो माझा विषय नाही. पिअर्स स्टील म्हणून एक आहेत त्यांचा २००७ चा मोठा पेपर आहे, तोवरचे कितीतरी अभ्यास एकत्र करून. त्यात एक गोष्ट मला झोंबली. आपण सगळे सांगतो ना 'मी परफेक्शनिस्ट आहे म्हणून होत नाही', तर त्याचा आणि टाळाटाळीचा संबंध फार कच्चा निघतो. पक्का संबंध कशाशी, तर काम नकोसं वाटणं, आपल्याला जमेल ह्यावर विश्वास नसणं, समोर दुसरं काही आलं की तिकडे धावणं, आणि फळ लांब असणं. कादंबरीत चारही भरपूर. फळ तर इतकं लांब की तोवर नातू वाचतील.

दुसरं, सिरोइस आणि पिचिल यांचं २०१३ चं लिखाण. त्यांचं म्हणणं की हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्नच नाही, मूडचा आहे. कामाकडे बघितलं की काहीतरी वाईट वाटतं, भीती, कंटाळा, लाज, काहीही, आणि आपण काम टाळत नसतो, ते वाईट वाटणं टाळत असतो. टाळलं की लगेच बरं वाटतं. म्हणून सवय लागते. तुमचं साइझ वाढवल्यावर बरं वाटलं ना, तेच. त्यामुळे टाइमटेबल, अ‍ॅप, टायमर ह्यांचा उपयोग थोडाच, कारण घड्याळाने भीती जात नाही.

शेर-किलोसाठी मात्र एक साधी युक्ती आहे जी मला गाइडने शिकवली. लिहिताना अडलं की तिथे पिवळ्यात 'तपास' एवढंच टाकायचं आणि पुढे जायचं. 'काकाने साखर आणली तपास.' झालं. प्रकरण संपेपर्यंत ब्राउझर उघडायचा नाही. नंतर सगळे 'तपास' एका दमात शोधायचे, बऱ्याचदा लक्षात येतं की ते वाक्यच राहणार नाहीये, मग कशाला तपासायचं. माझ्या तिसऱ्या प्रकरणात असे पिवळे ठिपके इतके होते की गाइड म्हणाल्या कावीळ झालीय का. पण प्रकरण झालं.

---

टंगळेराव

तपासाची युक्ती भारी आहे, घेतली. पण मला सांगा अशा लिखाणाला शोध घ्यायचाच नाही का? पानशेतवर लिहायचं आणि वातावरण चुकलं तर पुण्यातले वाचक सोडतील का, प्रकाशनाच्या दिवशीच कोणीतरी उभा राहून विचारेल की 'बाई त्या पुलाला तेव्हा कठडा नव्हता'.

---

अर्धवट_डॉक्टर

घ्यायचा की. पण शोध संपल्याची खूण काय ते आधी ठरवा. माझ्या ओळखीत एक जण पेशवाईवर कादंबरीसाठी मोडी शिकला, मग रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी, वाचायला लागला, आता तो उत्तम मोडी वाचतो आणि लोकांना जमिनीचे जुने कागद वाचून देतो, पैसे घेतो. कादंबरीचं नाव काढत नाही. सुखी आहे हं.

---

हळदीचं_दूध

सगळं वाचलं, हसले पण. आता जरा वेगळं बोलते, खटकलं तर खटकू दे.

वरचे सगळे पुरुष ह्यूगो आणि दोस्तोयव्हस्की करतायत. शाल गुंडाळून बसायला, बाहेर जेवण कोणीतरी रांधत असावं लागतं. त्या ह्यूगोच्या घरात तेव्हा तान्ही मुलगी होती म्हणे, ती कोण सांभाळत होतं? मी सांगलीची, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुलं, दुकानाचा हिशोब माझ्याकडे. मला टाळाटाळ करायलाही वेळ मिळत नाही. माझ्या कथा उशिरा होतात, पण त्याला चालढकल म्हणू नका, तो उशीरच आहे, साधा. माजी उपसंपादक साहेब, तुमचं ते 'नुसता बघतो' हे प्रत्येकीला लागू करू नका.

मी कशी लिहिते सांगते. फोनवर बोलून. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत फोन ओट्यावर उभा करायचा आणि बोलायचं, ते मराठीत उतरतं, चुका चिक्कार, मध्ये 'अगं दूध बघ' पण उतरतं. रात्री सगळे झोपले की दूध वगैरे काढून टाकायचं. वही, फॉन्ट, टेबल असलं काही नाही. सदर नाही, मानधन आलं तर आलं. मला पहिल्या वाक्याची भीती वाटत नाही, कारण पहिलं वाक्य मला कधी दिसतच नाही, मी चपात्या लाटत असते.

पण पेठकरीण, तुमचं वाचून वाटतं तुमच्याकडे शनिवारची सकाळ खरंच मोकळी आहे. मग तुमचं माझ्यासारखं नाहीये. उपसंपादकांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या.

---

माजी_उपसंपादक

हळदीचं_दूध, मान्य. बिनशर्त. आमच्याकडे येणाऱ्या पाकिटांमध्ये तारखेच्या आधी आलेली पाकिटं बघितली तर त्यात गावोगावच्या बायकाच जास्त असायच्या हेही सांगायला हवं होतं. फोन करून वेळ मागणारे नामवंत होते.

---

पेठकरीण

उत्तर देते. दोन दिवस टाळलं, ते सगळ्यांना दिसलंच असेल.

वाक्य आहे, 'आजी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वळली.'

होतं काय, की पाणी वाड्याच्या चौकात शिरलंय, सगळे माडीवर चाललेत, आणि आजी अर्ध्या जिन्यातून परत खाली जाते. आमच्याकडे सगळे सांगतात की देव आणायला. देवघरातले देव पदरात घेऊन आजी कमरेएवढ्या पाण्यातून वर आली, ही आमच्या घराण्याची गोष्ट आहे, लग्नकार्यात सांगतात, बाबा सांगताना त्यांचा गळा भरून येतो. देव अजून मोठ्या काकांच्या मुलाकडे आहेत.

आत्या एकदा, काकू गेल्या तेव्हा तेराव्याला, मला भांडी विसळता विसळता म्हणाली, 'देव कसले, डबा आणायला गेली होती. देव नंतर गाळात सापडले.' डबा म्हणजे दागिन्यांचा. तो आजीने वर आणला आणि लोकमान्यनगरला गेल्यावर तो कोणाकडे गेला ह्यावरून दोन्ही काका एकमेकांशी शेवटपर्यंत बोलले नाहीत, हे मात्र सगळ्यांना माहितीय, फक्त भांडण कशावरून ते कोणी सांगत नाही. 'पुरानंतर जरा बिनसलं' एवढंच.

म्हणजे आजी वळली इथपर्यंत मी लिहिते. पुढचं वाक्य लिहायला गेलं की मला वाण्याची वजनं आठवतात. आत्ता हे टाइप करताना माझंच मला दिसलं.

आत्या कोथरूडला आहे, नव्वदीच्या घरात, डोकं एकदम शाबूत. आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. पुण्यातल्या पुलांचे नकाशे काढले पण तिच्याकडे वही घेऊन गेलेली नाही.

---

अर्धवट_डॉक्टर

ओह.

मी माझे दोन्ही पेपर मागे घेतो, म्हणजे ते बरोबरच आहेत पण इथे त्यांचं काम नाही.

---

टंगळेराव

ताई दोन्ही लिहा ना, देव पण आणि डबा पण. कादंबरीच आहे. वाचकाला ठरवू दे.

---

माजी_उपसंपादक

टंगळेराव, ही पळवाट आहे. संदिग्ध शेवट ठेवणारे लेखक मी पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या थोड्यांना खरोखर दोन्ही शक्यता दिसत असतात, बाकीच्यांना घरी जायचं असतं.

पेठकरीणबाई, तुम्ही वळण्याचं वाक्य पहिल्या प्रकरणात ठेवलंय म्हणजे ते तुम्हाला मधोमध हवंय हे तुम्हाला ठाऊक आहे. नाहीतर आजी सरळ माडीवर गेली असती. लिहायचं नसेल तर आजीला वर जाऊ द्या आणि दुसरी कादंबरी लिहा, पुरावर लिहिण्यासारखं खूप आहे, आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती रचणारे जवान आहेत, नंतरची पाण्याची टंचाई आहे, पुरात शहर बुडालं आणि नळाला थेंब नाही हे तर कोणीही लिहावं असं आहे. पण ती तुमची नसेल. आणि मला वाटतं ते तुमच्या लक्षात आलंय, म्हणून नकाशा फ्रीजवर आणि कादंबरी तिथेच.

आत्यांकडे जायचं ते मात्र लिहिण्यासाठी जाऊ नका. वही नेऊ नका. वही बघितली की माणसं छापील बोलायला लागतात.

---

पेठकरीण

वही नेणार नाही. पण भीती आत्याची नाहीच, ती सांगेल, तिला सांगायचंच आहे असं मला तेव्हाही वाटलं होतं. भीती बाबांची आहे. ऐंशी होतील आता. त्यांच्या आईची एकच गोष्ट आहे त्यांच्याकडे आणि ती मी घेऊन टाकणार. शिवाय आमचा फॅमिली ग्रुप आहे, त्यात चुलत भावंडं, त्यांना डब्याचं कळलं की कोणाच्या आईच्या गळ्यात काय होतं ह्याचे जुने फोटो निघतील बघा, आमच्याकडे लोक शांत दिसतात तेवढे शांत नाहीत.

नावं बदलून, पेठ बदलून लिहिलं तर? हळदीचं_दूध तुम्ही छापून आलेल्या आहात म्हणून विचारते, घरच्यांचं तुम्ही काय करता?

---

उद्याबघू

वाखु उघडली, इथपर्यंत वाचलं. जबरदस्त चाललंय. मी पण एक एकांकिका अर्धी ठेवलीय त्यावर वेगळा धागा काढतो, उद्या.

---

हळदीचं_दूध

पेठकरीण, पेठ बदलून काही होत नाही. सांगते.

माझी एक कथा हक्कसोडवर होती. आमच्याकडे काय होतं की वडील गेले की भाऊ बहिणींना तलाठ्याकडे, रजिस्ट्रारकडे नेऊन सही घेतात, साडी-चोळी करतात, संपलं. माझ्या नणंदेचं तसंच झालेलं, माझ्याच नवऱ्याने आणि दिराने केलेलं, मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेले, चहाचा ट्रे घेऊन उभी होते. कथेत मी गाव बदललं, जात बदलली, बहिणी दोनच्या तीन केल्या, शेत होतं तिथे द्राक्षबाग केली. पण सही करताना तिचं पेन चालेना, तिने ते झटकलं आणि शाईचा एक थेंब कागदावर पडला, तर माझा नवरा म्हणाला, 'बघ, सांभाळून, स्टॅम्प पेपर महागाचा आहे.' हे मी ठेवलं. हे बदललं असतं तर कथाच उरत नव्हती, हेच सुचलं म्हणून तर लिहायला बसले होते.

नणंदेने वाचलं आणि पेनवरून ओळखलं. तिने कधी ते कोणाला सांगितलं नव्हतं, तिला वाटायचं ते फक्त तिलाच लागलंय. तिला राग कशाचा आला, तर मी तेव्हा बघत होते आणि गप्प बसले आणि आता छापून नाव मिळवलं, ह्याचा. त्यात खोटं काही नाही. नवऱ्याने कथा वाचलीच नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. नणंद अजून बोलत नाही. मला ते खुपतं, दिवाळीला जास्त. तरी संपादकांनी परत विचारलं पुस्तकात घ्यायची का तर मी हो म्हटलं.

म्हणून तुम्हाला 'लिहा, घरचे समजून घेतील' असं मी सांगणार नाही, काही घेतात काही नाही. बाबांचं तुम्ही ठरवा. लिहून ठेवायचं आणि छापायला द्यायचं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं मात्र खरं, आत्ता कोणी तुमच्याकडे छापायला मागत नाहीये, जिन्यावरून खाली तरी जाऊ दे आजीला. आणि आत्या नव्वदीच्या आहेत म्हणता, तर शनिवारची वाट कशाला बघायची, मधल्या वारी ऑफिसातून परस्पर जा.

जाताना फोन न्या वही नाही तर, परवानगी विचारून रेकॉर्ड करा. फक्त ते बोलून टाइप करायचं पानशेतसाठी वापरू नका, मी आत्ता करून बघितलं, दर वेळी 'पान शेत' येतंय आणि एकदा 'पाणी शेतात' आलं.